कागदांची पिशवी आणि किल्ली

हिंगोलीच्या रुग्णालयातून रोग्याला पुढील उपचारांसाठी नांदेडला नेतात, तेव्हा नातलगाच्या हाती बहुधा एक कापडी पिशवी असते. तीत केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, क्ष-किरणांचे काळे चित्र आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. पावसात ही पिशवी भिजते. एखादा कागद एस. टी. मध्ये राहून जातो. मग तीच तपासणी पुन्हा करावी लागते. खर्च दुप्पट होतो आणि दिवस वाया जातो तो निराळाच.

तथापि या पिशवीचा एक मोठा गुण आहे. ती रोग्याच्या काखेत असते. ज्याला दाखवावी असे त्याला वाटते, त्याच्यापुढेच ती उघडते.

आता ही टिपणे संगणकात लिहिली जाऊ लागली आहेत. ती ज्या ठिकाणी साठवितात, त्यास ‘क्लाउड’ म्हणजे ढग असे म्हणतात. नाव काव्यमय असले, तरी हा ढग आकाशात नसतो. दूरच्या शहरांतील इमारतींत अहोरात्र चालणारी संगणकयंत्रे, हाच तो ढग होय. तेथला कागद भिजत नाही, हरवत नाही. परंतु तो चोरीस जाऊ शकतो किंवा अडवून धरला जाऊ शकतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ या थोर रुग्णालयाच्या संगणकांवर असा हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस हातांनी कागदावर करावे लागले.

रोग्याचे गुपित ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. क्षयरोग औषधाने बरा होतो; पण त्याची वार्ता गावात पसरली, तर शेजारी दूर बसू लागतात आणि घरातील मुलीचे लग्न अडते. म्हणूनच चरकसंहितेत वैद्याच्या शिष्याला बजावले आहे, की रोग्याच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये.

हे गुपित राखण्याचा अधिकार रोग्याच्याच हाती असावा, अशी एक योजना भारत सरकारने 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू केली. तिचे नाव आयुष्मान भारत डिजिटल मिशन. तीत नागरिकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. तो घेण्याची सक्ती नाही. सर्व टिपणे एकाच कोठारात ओतली जात नाहीत. ज्या रुग्णालयात ती लिहिली गेली, तेथेच ती राहतात. नांदेडच्या डॉक्टरांना हिंगोलीचा अहवाल हवा असल्यास ते रोग्याकडे परवानगी मागतात. कोणते कागद, कशासाठी, किती दिवस, हे त्या मागणीत लिहिलेले असते. रोगी होकार देतो, नकार देतो, किंवा दिलेला होकार मागे घेतो. अर्थात जे डॉक्टरांनी एकदा वाचले, ते त्यांच्या मनातून पुसता येत नाही.

होकारानंतर अहवाल निघतो, तो गूढ लिपीत. ही युक्ती मोठी मौजेची आहे. मागणारा जणू एक उघडे कुलूप पाठवितो. ते कोणालाही लावता येते. उघडण्याची किल्ली मात्र त्याच्याच घरी राहते. वाटेत कोणी पेटी पळविली, तरी त्यास आतील अक्षर दिसत नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. पुढे 2023 साली संसदेने संमत केलेल्या कायद्यात संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती परत घेणेही सुलभ असावे, असे म्हटले आहे.

परंतु होकार द्यावयाचा तो मोबाइलवर. सेनगाव तालुक्यातील एखाद्या वस्तीवर घरात एकच मोबाइल असतो, आणि तो कामासाठी पुण्यास गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. आई हिंगोलीच्या रुग्णालयात बसलेली असते. परवानगीचा आकडा उमटतो पुण्यात. मुलाने फोनवरून तो सांगितला, की काम होते. मात्र आपल्या ज्या आजाराविषयी मुलाला कळू नये असे त्या आईला वाटत होते, त्याचा सुगावा प्रथम मुलालाच लागतो. ती कापडी पिशवी तेवढी तिच्या स्वतःच्या काखेत असते.