एक्स-रेचं बटण दाबायला तीन वर्षं कशाला?

प्रश्न : माझी भाची यंदा बारावी सायन्स झाली. तिला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायचाय. घरातली मंडळी म्हणतात, बटण दाबायला तीन वर्षं कशाला? आणि त्या किरणांमुळं पुढं संसारात काही अडचण यायची नाही ना, ही तिच्या आईची काळजी. शिकल्यावर सोनोग्राफीही तिला करता येईल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : बटण दाबायला खरंच तीन मिनिटं पुरतात. बाकीचा काळ जातो तो तेच बटण दुसऱ्यांदा दाबावं लागू नये म्हणून. फोटो बिघडला की पुन्हा काढायचा, म्हणजे पेशंटच्या अंगावर तेवढेच किरण पुन्हा सोडायचे. ते टाळायला काय काय यावं लागतं, हे छातीच्या साध्या फोटोवरूनच सांगतो.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जा नाहीतर गावातल्या छोट्या दवाखान्यात, छातीच्या फोटोला माणसाला प्लेटकडं तोंड करून, छाती टेकवून उभं करतात. किरण पाठीमागून येतात, साधारण १८० सेंटिमीटरवरून. हृदय छातीत पुढच्या अंगाला असतं, म्हणून ही पद्धत. बॅटरीच्या उजेडात हात भिंतीला लागून धरला तर सावली हाताएवढीच पडते, लांब धरला की राक्षसाएवढी. हृदय प्लेटपासून लांब राहिलं तर फोटोत असंच फुगलेलं दिसतं, आणि धडधाकट माणूस विनाकारण पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्यात सापडतो.

मग हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. खांदे पुढं घेतले की खांद्यांची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. गळ्यातलं काढायचं. हुपरीची चांदी दिसायला कितीही देखणी असली तरी फोटोत तिचा नुसता पांढरा डाग पडतो. ताईत, ब्लाउजची हुकं ही त्याच रांगेतली. खांद्यावरून पुढं आलेली ओली जाड वेणीसुद्धा फुफ्फुसाच्या टोकावर सावली टाकते आणि क्षयाच्या शंकेला जागा करून देते. शेवटी श्वास. तो पूर्ण आत घेऊन धरला तरच फुफ्फुसं उघडतात. अर्धवट घेतला तर खालचा भाग पांढुरका दिसतो, हृदयही मोठं भासतं. इचलकरंजीच्या मागावर आयुष्य काढलेल्या, दोन पावलांत धाप लागणाऱ्या काकांकडून तो श्वास दोन-तीन सेकंद धरून घेणं, हे पुस्तकात वाचून येत नाही. ‘काका, दम वढा... धरा... सोडा आता’ हे नेमक्या लयीत म्हणावं लागतं.

एवढं सगळं एका फोटोसाठी. मनगट, गुडघा, मणका, कवटी, प्रत्येकाची मांडणी वेगळी. हाडाचे किमान दोन बाजूंनी फोटो हवेत, कारण समोरून न दिसलेली भेग बाजूनं दिसते. उसाची ट्रॉली उलटून मानेला मार लागलेला माणूस आला तर त्याला कुशीवर वळवायचं नाही. त्याला उताणाच ठेवून यंत्र फिरवायचं. आणि डावं-उजवं दाखवणारी शिशाची खूण विसरायची नाही. त्या खुणेवर पुढं शस्त्रक्रियेची बाजू ठरू शकते.

हे सगळं शिकवणारी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही पदवी तीन वर्षांची, त्यापुढं एक वर्ष इंटर्नशिप. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया असे पायाभूत विषय. मग भौतिकशास्त्र, यंत्रं, फोटोची तंत्रं, सीटी, एमआरआय. भौतिकशास्त्राला पोरं घाबरतात, पण खरी गंमत तिथंच आहे. नळीत इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि त्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का एक्स-रे होते, बाकी सगळी उष्णता. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सियसला वितळतं, तरी एकाच जागी मारा झाला तर तेही टिकायचं नाही, म्हणून ती चकती गरगर फिरती ठेवतात. किरणांचा जोर किती आणि प्रमाण किती, हे दोन आकडे टेक्निशियननं ठरवायचे. यंत्रात तयार आकडे भरलेले असतात, पण आखाड्यातला पैलवान आणि सहा महिन्यांचं बाळ यांना एकच आकडा चालत नाही.

इथं डिजिटल यंत्रांनी एक नवा सापळा लावलाय. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फोटो काळाकुट्ट निघायचा, चूक सगळ्यांसमोर यायची. आता संगणक उजेड-अंधार सावरून घेतो. किरण कमी पडले तर फोटो दाणेदार दिसतो आणि डॉक्टर ओरडतात. जास्त पडले तर फोटो सुरेख दिसतो आणि कुणीच काही म्हणत नाही. मग हात आपोआप जास्तीकडं झुकतो. माझ्या मते आजच्या विद्यार्थ्याला सगळ्यात कसून शिकवायला हवं ते हेच.

एमआरआयमध्ये किरणांचा प्रश्न नाही, तिथं भीती चुंबकाची. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त, आणि तपासणी नसतानाही ते चालूच असतं. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत गेला आणि पेशंटसोबत आलेल्या तरुणाचा जीव गेला. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे एकेकाला विचारूनच आत सोडायचं.

विचारण्यावरून आठवलं. पोटाच्या किंवा कमरेच्या फोटोआधी बाईला पाळीची तारीख आणि दिवस गेल्याची शक्यता विचारावी लागते. शेजारी सासू उभी असते, दारात रांग असते. हे हळू आवाजात, बाजूला घेऊन, तिला ओशाळं न करता विचारणं हाही शिक्षणाचाच भाग. या कामात मुली हव्यात असं मला वाटतं, त्याचं हे एक कारण.

आता ताईंची काळजी. बटण सोडलं की किरण थांबतात. खोलीत किंवा अंगात काही साचून राहत नाही. टेक्निशियन शिशाच्या आडोशामागं उभी राहते. वॉर्डात यंत्र न्यावं लागलं तर अंतर राखते. अंतर दुप्पट केलं की मारा एकचतुर्थांश होतो. छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत, टीएलडी बॅज असतो. तो दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो आणि तिला किती किरण लागले याची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात जास्तीत जास्त ३०. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला जगाच्या सरासरीनं वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. नियम पाळून एक्स-रे काढणाऱ्यांची नोंद मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. दिवस गेल्याचं कळवल्यावर बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते, त्याप्रमाणं काम बदलून घेता येतं. म्हणजे संसाराला अडचण नाही, बॅज खुंटीवर टांगून काम करायची सवय मात्र नको.

सोनोग्राफी तिला करता येणार नाही. अमेरिकेत तंत्रज्ञ ती करतात. आपल्याकडं गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळं (१९९४) ती पात्र, नोंदणीकृत डॉक्टरनंच करायची असते. कोल्हापूरला हा विषय नवा नाही. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण जोडायचा आदेश निघाला, रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश कायम ठेवला. रिपोर्ट लिहिणंही रेडिओलॉजिस्टचं काम. पेशंटनं ‘हाड मोडलंय का हो?’ विचारलं तर कळत असूनही ‘डॉक्टर सांगतील’ म्हणायला तिला शिकावं लागेल.

फी भरण्याआधी कॉलेजात इतकं विचारून घ्या : पदवी कुठल्या विद्यापीठाची, प्रात्यक्षिक कुठल्या रुग्णालयात, तिथं सीटी आणि एमआरआय आहे का, आणि विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज कधीपासून मिळतो. सहा महिन्यांत ‘एक्स-रे टेक्निशियन’ करून देणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. २०२१ च्या कायद्यानं या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आलाय, नोंदणीच्या वेळी तसल्या सर्टिफिकेटला कुणी विचारणार नाही. चौथ्या प्रश्नाला काउंटरवरचा माणूस ‘कसला बॅज?’ म्हणाला, तर दुसरं कॉलेज बघा.