महिनाभर उभी असलेली पद्मिनी

प्रश्न : जुनी प्रीमिअर पद्मिनी गल्लीत शिरत नाही, म्हणून सोनारपुऱ्याला उभी असते. महिन्याने काढली की स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही. बॅटरी बदलू का?
– एक वाचक, अमृतराव घाट, वाराणसी

उत्तर : स्टार्टर जोमात फिरतोय ना? मग बॅटरीवर पैसे घालू नका. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि यांत्रिक पंप इंजिन फिरल्याशिवाय नवं ओढत नाही. चोक पूर्ण ओढा, दहा सेकंद स्टार्टर मारा, थोडं थांबून पुन्हा मारा. तरीही नाही, तर प्लग काढा. कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाही. ओला असला तर बहुधा ठिणगीत खोट. दमट हवेत डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट गंजतात, त्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात, ते बदलाच. जागच्या जागी इंजिन चालू ठेवण्यात अर्थ नाही. पंधरवड्याला बीएचयूपर्यंत फेरी मारा.