प्रवेशाची वाट

प्रस्तावना

‘वाट’ हा मराठीतील एक साधा शब्द. वाट म्हणजे मार्ग. परंतु ‘वाट पाहणे’ म्हणजे प्रतीक्षा करणे. परिचर्येच्या म्हणजेच नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला हे दोन्ही अर्थ अनुभवावे लागतात. आधी योग्य मार्ग शोधावा लागतो, मग निर्णयाची प्रतीक्षा करावी लागते. या पाठात या दोन्ही गोष्टींचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• परिचर्येच्या पदवीसाठी लागणारी पात्रता सांगता येईल;
• निरनिराळ्या प्रवेशपद्धतींतील फरक स्पष्ट करता येईल;
• प्रतीक्षेचा काळ उपयोगात कसा आणावा, हे सांगता येईल.

१. कावेरीकाठची मराठी

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या काठचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. मेलकावेरी हा याच नगराचा एक भाग. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि त्यांच्यामागोमाग मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून नाव मिळवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारून औषधांचा अभ्यास चालवला आणि रुग्णांच्या आजारांच्या नोंदी ठेवण्याची व्यवस्था केली. रुग्णसेवेत नोंदीला किती महत्त्व असते, हे परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे शिकावेच लागते.

या प्रदेशातील मराठी घरांत आजही वडीलधारी मंडळी तंजावरी वळणाची मराठी बोलतात. मुले मात्र तमिळ किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. समजा, मेलकावेरीतील अशा एखाद्या घरातील मुलीला अथवा सुनेला नर्स व्हायचे आहे. तिच्यापुढे कोणते मार्ग आहेत?

२. पदवीची सुरुवात

एके काळी परिचर्येकडे समाज आदराने पाहत नसे. घरंदाज स्त्रियांनी परक्यांची शुश्रूषा करावी, हे अनेकांना रुचत नव्हते. अशा काळात, १९०९ साली, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. त्या संस्थेने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली.

भारतात परिचर्येच्या पदवी शिक्षणाचा आरंभ १९४६ साली झाला. त्या वर्षी दिल्ली येथे आणि तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढील वर्षी, म्हणजे १९४७ साली, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. देशभरातील परिचर्या शिक्षणाचा दर्जा समान असावा, हा त्यामागील हेतू होता.

३. पात्रता कोणाची?

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे. उमेदवाराने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्ही विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण मिळवलेले असावेत. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. इंग्रजी विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे आवश्यक असते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे.

या नियमांतील दोन गोष्टी प्रौढ विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. विज्ञान विषय व इंग्रजी घेऊन राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी उत्तीर्ण झालेला उमेदवारही पात्र आहे. तसेच, विवाहित उमेदवारांनाही प्रवेश घेता येतो. ‘शाळा सुटली, लग्न झाले, आता काय शिकायचे?’ असे म्हणून जिने हा विचार सोडून दिला असेल, तिच्यासाठी हे दार बंद झालेले नाही. मात्र बारावीसाठी नाव नोंदवतानाच योग्य विषय निवडले पाहिजेत. मुक्त विद्यालयाच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. निकाल अर्जाच्या मुदतीपूर्वी हाती येईल, अशा हिशेबाने परीक्षेचे सत्र निवडावे.

४. निवडीच्या निरनिराळ्या रीती

सर्व ठिकाणी निवडीची रीत एकच नसते. तमिळनाडूत शासनाची निवड समिती बारावीतील विज्ञान विषयांच्या गुणांवरून गुणवत्ता यादी तयार करते आणि त्या क्रमाने समुपदेशनातून महाविद्यालये दिली जातात. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. तीत विज्ञान विषय व इंग्रजी यांबरोबरच परिचर्येचा कलही तपासला जातो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, स्वतःची परीक्षा घेते. सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांसाठी ‘नीट’ परीक्षेचे गुण विचारात घेतले जातात. तेथे केवळ स्त्रियांना अर्ज करता येतो आणि वैवाहिक स्थितीविषयीही अट असते.

जेथे बारावीच्या गुणांवर निवड होते, तेथे बारावीची परीक्षा हीच खरी प्रवेश परीक्षा ठरते. जेथे वेगळी परीक्षा असते, तेथे बारावीचा किमान निकष पार करून पुन्हा नव्याने तयारी करावी लागते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका काळजीपूर्वक वाचावी.

५. अर्ज आणि कागदपत्रे

चांगले गुण असूनही कागदपत्रांतील चुकीमुळे प्रवेश अडू शकतो. गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, जातीचा दाखला, राज्याचा रहिवासी असल्याचा पुरावा ही कागदपत्रे आधीच जमवावीत. तहसील कार्यालयातून दाखला मिळण्यास वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

तमिळनाडूतील मराठी कुटुंबांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे नावापूर्वी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लिहिण्याची पद्धत आहे. मराठी वळणाने नावाच्या शेवटी ‘राव’ किंवा ‘बाई’ येते, तर कोठे आडनाव लिहिले जाते. एका कागदावर एक नाव व दुसऱ्यावर दुसरे असेल, तर पडताळणीच्या वेळी शंका उपस्थित होते. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे आधीच पाहावे. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर त्याचा पुरावा जोडावा.

आणखी एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेत शिकल्यास ही नोंदणी होत नाही. पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातात. संस्थेला मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे. ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल,’ अशी घाई करणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

६. निर्णयाची प्रतीक्षा

अर्ज भरला, परीक्षा झाली. आता निकाल आपल्या हातात नसतो. हा काळ मनाची कसोटी पाहणारा असतो. शेजारीपाजारी विचारतात, घरातील माणसे काळजी करतात आणि प्रौढ विद्यार्थिनीला तर ‘या वयात कशाला?’ हा प्रश्नही ऐकावा लागतो. परंतु प्रतीक्षा म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे.

पहिल्या यादीत नाव नसले, तरी आशा सोडण्याचे कारण नसते. अनेक उमेदवार एकाहून अधिक ठिकाणी निवडले जातात. ते एक जागा स्वीकारतात आणि बाकीच्या रिकाम्या होतात. त्यामुळे पुढील फेऱ्यांत यादी खाली सरकते. मात्र नाव लागल्यावर ठरलेल्या मुदतीत उपस्थित राहिले नाही, तर मिळालेली जागाही हातची जाते. म्हणून तारखा वहीत नोंदवाव्यात, अर्जात दिलेला दूरध्वनी क्रमांक बदलू नये आणि मूळ कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवावीत. मधल्या काळात इंग्रजीचे वाचन व जीवशास्त्राची उजळणी चालू ठेवावी. पहिल्याच सत्रात शरीररचनाशास्त्र शिकताना त्यांचा उपयोग होतो.

पदवीला प्रवेश मिळालाच नाही, तरी वाट संपत नाही. जनरल नर्सिंग हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करून नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रमातून पदवी मिळवता येते. हा मार्ग लांबचा आहे. पण तो त्याच ठिकाणी पोहोचतो. दोन्ही अर्ज एकाच वर्षी केले, तर वर्ष रिकामे जाण्याची भीती कमी होते.

रुग्णाच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेलाही वाट पाहावीच लागते. ताप उतरण्याची, शुद्ध येण्याची, जखम भरण्याची ती वाट पाहते. पण त्या वेळी तिचे हात थांबत नाहीत. ती नाडी मोजते, नोंद करते, औषधाची वेळ सांभाळते. प्रवेशाच्या निर्णयाची प्रतीक्षा जो अशा रीतीने करतो, त्याचे या व्यवसायाचे शिक्षण महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच सुरू झालेले असते.

शब्दार्थ

परिचर्या – रुग्णाची सेवा, शुश्रूषा
पडताळणी – खरेखोटे तपासणे
मध्यस्थ – दोघांमधील व्यवहार जमवणारा
कल – ओढा, आवड

स्वाध्याय

१. मुक्त विद्यालयातील विद्यार्थ्याने बारावीचे विषय निवडताना कोणती काळजी घ्यावी?
२. तमिळनाडू व महाराष्ट्र येथील प्रवेशपद्धतींतील फरक सांगा.
३. संस्थेची मान्यता तपासणे का आवश्यक आहे?
४. ‘वाट पाहणे’, ‘वाट काढणे’, ‘वाट मोकळी करणे’ या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
५. कागदपत्रांत नावात फरक असल्याने तो दुरुस्त करून मिळावा, यासाठी मुख्याध्यापकांना विनंतिपत्र लिहा.