गंजिफा : पाने, खेळ आणि शब्द

उद्दिष्ट : वस्तू देशांतर करते तेव्हा तिच्याबरोबरच्या शब्दांचे काय होते, हे या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस सोदाहरण सांगता येईल.

१. परक्या खेळाचे देशीकरण

‘गंजिफा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याचे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. अबुल फज्लने अकबरकालीन बारा रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले आहे. पुढे या खेळाला दशावतारी रूप मिळाले : दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. मासा, कासव, परशू ही रंगांची चिन्हे झाली. राजाखालोखाल प्रधान आला; राणीला स्थान नव्हते. दिवसा रामाच्या, तर रात्री कृष्णाच्या रंगाने डाव सुरू होई. नाव फारसी राहिले, आशय मात्र पौराणिक झाला.

२. आयात पाने, आयात शब्द

युरोपीय पत्ते सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आले. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील टर्नहाउट येथे छापलेले पत्ते आशियातही निर्यात होत. छापील पत्ते स्वस्त, तर हाताने रंगविलेली गंजिफा खर्चिक. शिवाय १२० पानांपेक्षा ५२ पाने लक्षात ठेवणे सोपे. नव्या चार रंगांना मराठीने दोन रीतींनी नावे दिली. ‘बदाम’ आणि ‘चौकट’ ही नावे आकारावरून पडली. ‘किलवर’ आणि ‘इस्पिक’ यांत परकीय ध्वनी ऐकू येतो. त्याच रंगांची डच ‘क्लावर’ आणि फ्रेंच ‘पीक’ ही नावे त्यांच्याशी जुळतात. मात्र ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. त्यासाठी शब्दाच्या प्रवासाची लेखी साक्ष लागते.

३. निर्यात पाने, मागे राहिलेले शब्द

सावंतवाडीचे चितारी कापडावर वा कागदावर चिंचोक्यांची खळ देत, रंगकाम करीत आणि लाखेचा लेप चढवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ लोपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्या साहाय्याने राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. आज ही पाने पर्यटक आणि संग्राहक विकत घेतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही गंजिफा आहेत. परंतु घेणारा ती पाने बहुधा खेळत नाही, भिंतीवर लावतो. चित्र परदेशी पोहोचते. डावाचे नियम आणि खेळणाऱ्यांची बोली पोहोचत नाही. कारागिराला पोट भरण्यासाठी हा ग्राहक हवाच, हेही विसरता येत नाही. म्हणून हस्तकलेचे जतन आणि खेळाचे जतन ही दोन वेगळी कामे मानावी लागतात.

४. सारांश

परदेशी पत्ते आपल्याकडे खेळले गेले, म्हणून त्यांचे शब्द मराठीत रुजले. गंजिफा बाहेर गेली ती शोभेची वस्तू म्हणून. तिचे शब्द सोबत गेले नाहीत. शब्द वस्तूमुळे नव्हे, वापरामुळे टिकतो.

उपक्रम : कोयनानगर, पाटण किंवा आपल्या गावातील ज्येष्ठांकडून पत्त्यांच्या डावातील १० शब्द मिळवा. प्रत्येक शब्द आकारावरून आला, ध्वनीवरून आला की कृतीवरून, ते सकारण लिहा.