लव हाताला लागत होती

आईचं माहेर पलूस तालुक्यातलं. कृष्णाकाठचं औदुंबर तिथून जवळ. लग्नानंतर तिने बरीच गावं पाहिली आणि शेवटी माझ्या नोकरीपायी सिल्वासाला आली, पण गुरुवार आणि गुरुचरित्राचं पारायण कधी सुटलं नाही. इथे घर बांधलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली, दारात औदुंबर हवा.

दोन-तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या, उंबर मिळाला नाही. मग आषाढातल्या एका रविवारी खानवेलकडे गेलो असता ओढ्याच्या काठी गुडघ्याएवढं रोप दिसलं. पान खुडलं, पांढरा चीक आला. पान लांबट, टोकदार. ओढ्याकाठी उंबर असतोच, हे लहानपणापासून ऐकलेलं. बरोबरचा मित्र म्हणाला, "उंबरच की!" मलाही तेच ऐकायचं होतं. माती धरून रोप काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि घरी आणलं. ती जागा वनखात्याची की कुणाच्या मालकीची, तेही विचारलं नाही. हे माझं चुकलंच. दादरा-नगर हवेलीचा मोठा भाग जंगलाखाली आहे, आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड उपटणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे.

आईने रोपाला हळदकुंकू वाहिलं. चार वर्षं रोज पाणी, गुरुवारी प्रदक्षिणा. झाड झपाट्याने वाढलं. चौथ्या पावसाळ्यात खोडातून बिनपानांच्या लोंबत्या काटक्या फुटल्या आणि त्यांवर हिरवट फळं धरली. काही तर जमिनीला टेकली होती. औदुंबराला फळ आलं म्हणून आईने साखर वाटली. शेजारच्या काकूंनी काढा करून गुळण्या करायला साल मागितली. उंबराची साल त्यासाठी वापरतात, म्हणून मी विळा घेऊन झाडापाशी गेलो.

घरी मदतीला येणाऱ्या खानवेलकडच्या मावशी अंगण झाडत होत्या. त्यांनी एक पान अंगठा आणि बोटात धरून चोळलं. म्हणाल्या, "दादा, हा उंबर नाही. उंबराचं पान असं खरबरीत नसतं." मग त्यांनी एक कोवळी फांदी मोडून माझ्यासमोर धरली. आत पोकळ, जणू बारीक नळी. विळा मी तिथेच ठेवला.

ते झाड काळ्या उंबराचं होतं. कुणी बोखाडा म्हणतं, कुणी भुईउंबर. आयुर्वेदात त्याला काकोदुंबर म्हणतात आणि त्याचे उपयोग वेगळे आहेत. पंचवल्कलात, म्हणजे पाच सालींच्या योगात, वड, पिंपळ, पायर आणि पारिस पिंपळाबरोबर जो उंबर येतो, तो हा नव्हे. एकाची साल दुसऱ्याची म्हणून काकूंच्या घशात गेली असती, आणि ती मी दिलेली असती. नावाची चूक नुसत्या नावापुरती राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दमणगंगेच्या काठावरच्या एका जुन्या, फळांनी लगडलेल्या उंबराची डहाळी आणली, अंगणातल्या झाडाची एक घेतली आणि दोन्ही वर्तमानपत्रावर शेजारी ठेवल्या. तासभर त्यांच्याकडे पाहत बसलो. उंबराची पानं फांदीवर एकाआड एक. काळ्या उंबराची बहुतेक समोरासमोर, जोडीने. बहुतेक म्हणतो, कारण त्याच्या सरळ, जोमाने वाढणाऱ्या शेंड्यावर ती एकाआड एकही येतात, आणि लहान रोप म्हणजे नुसता तसा शेंडाच असतो. म्हणून एकच फांदी पाहून ठरवू नका. उंबराच्या अगदी कोवळ्या पालवीवरही मऊ लव असते, पण पान जून झालं की ते गुळगुळीत होतं. काळ्या उंबराचं जून पानही राठ राहतं आणि फांदीवर ताठ केस असतात. उंबराच्या पानांवर किडीमुळे आलेले फोड बऱ्याचदा दिसतात, तीही एक खूण धरता येते. फळं आल्यावर तर शंकाच उरत नाही. उंबराची फळं खोडावर घोसांनी येतात आणि पिकून लालसर होतात. काळ्या उंबराची केसाळ असतात, पिकून पिवळट होतात.

ओढाकाठ आणि चीक या खुणांनी मला फसवलं. वड, पिंपळ, पायर, नांद्रुक, खरवत, सगळ्यांनाच चीक असतो. सगळ्यांच्याच फांदीवर पानाच्या देठाशी गोल वळ उमटलेला असतो, शेंड्यावरचं टोपण गळून राहिलेला. या खुणा कूळ सांगतात, जात सांगत नाहीत. भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप पिंपळाचं की पायरीचं, हा प्रश्नही असाच. पिंपळाच्या पानाची शेपटी लांब असते हे खरं, पण कोवळ्या रोपावर ती आखूडही असते. खरवतीच्या रोपाची पानं कातरलेली दिसतात आणि मोठ्या झाडाशी त्यांचं काही जुळत नाही. म्हणून रोप जिथे आहे तिथेच राहू द्या. पान, देठ, फांदी, शेंडा यांचे फोटो काढा आणि आसपास तसंच दिसणारं फळलेलं झाड शोधा. तरीही शंका उरली आणि जागेच्या मालकाची हरकत नसेल, तर पानं आणि फळं असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. जागा आणि तारीख लिहून ठेवा, चीक पांढरा होता हेही लिहा, कारण वाळल्यावर ते दिसत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आणि मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये असे वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत. ओळखीचा कुणी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक असेल तर त्यालाही दाखवा. आणि पानाला हात लावायला कचरू नका.

आईला सांगायला मला आठ दिवस लागले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण तेवढ्यानेच चूक झाली नव्हती. उंबर तिने पाहिला होता तो पारावरचा, खालून वर बघत. गुडघ्याएवढा उंबर तिने कधी पाहिलाच नव्हता. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "औदुंबराचं पान उगाच खुडू नये म्हणून मी हातसुद्धा लावला नाही रे." तिचा हात धरून मी तिला झाडापाशी नेलं आणि पान तिच्या बोटांत दिलं. तिने ते दोनदा चोळलं.

झाड तोडायचं नाही, एवढं तिने लगेच सांगितलं. मग मी दमणगंगेकाठच्या त्याच उंबराखालची पिकलेली फळं गोळा केली, गर पाण्यात कुस्करून धुतला आणि ते बारीक बी ओल्या मातीवर नुसतं पसरलं, वर माती घातली नाही. काही दिवसांत मोहरीएवढे अंकुर दिसले. आता त्यांतलं एक रोप वीतभर झालं आहे. आई गुरुवारी पाणी घालते, आणि घालण्याआधी खालचं जून पान बोटांत धरून पाहते.