ब्लोअर बंद पडला? आधी बॅटरी काढा, मग जाळी बघा



शाळेचं पटांगण, देवळाचं आवार, आंबा-काजूची बाग झाडायची कामं आता गटांकडे येऊ लागली आहेत. मग सभेत प्रश्न निघतो, "बॅटरीवरचा ब्लोअर घेऊ या का?" गटाचा पैसा म्हणजे दर आठवड्याला मोजून टाकलेली बचत. मशीन घेतलं आणि चार महिन्यांत अडगळीत पडलं, असं व्हायला नको. म्हणून या अंकातला पाठ ब्लोअरचा: वापरायचा कसा आणि अडला तर काय बघायचं.

लालबागच्या बायकांचा अनुभव

माझी मोठी बहीण लालबागला चाळीत राहते. तिने आणि ओळखीच्या पाच-सहा जणींनी मिळून दादर पूर्वेला दोन इमारतींच्या आवाराची साफसफाई घेतली आहे. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनीच्या त्या बाजूला जुनी, मोठाली झाडं आहेत. पानगळ लागली की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरतं. खराट्याने कंबर मोडते, म्हणून त्यांनी वर्गणी काढून ब्लोअर घेतला.

तिसऱ्या महिन्यात तो अडायला लागला. सुरू व्हायचा, मिनिटभर चालायचा, की बंद. दुरुस्तीवाल्याने नुसता हातात घेऊन सांगितलं, "मोटर गेली, अठराशे लागतील." मी तेव्हा तिथेच होते. म्हटलं, थांबा, आधी आपण बघू. बॅटरी काढली, मागची जाळी बघितली. तिच्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि वाळक्या पानांचा चुरा घट्ट बसलेला. तो काढला, बॅटरी पुन्हा लावली, मशीन पहिल्यासारखं चालू. अठराशे रुपये वाचले. शिवाय आपल्या हातातलं मशीन आपल्याला कळतं, हे बायकांना समजलं. तेच आज आपल्याला शिकायचं आहे.

आत असतं तरी काय?

ब्लोअरमध्ये तीनच मुख्य गोष्टी आहेत: बॅटरी, मोटर आणि पंखा. मोटर पंखा फिरवते. पंखा जाळीतून हवा आत ओढतो आणि पुढच्या नळीतून जोरात बाहेर फेकतो. त्याच हवेने मोटरही थंड राहते. जाळी बुजली की मशीनचा श्वास कोंडतो, मोटर तापते आणि चांगल्या मशीनमधली सुरक्षा यंत्रणा ते बंद करते. म्हणजे दर वेळी बंद पडणं हा बिघाड नसतो. कधी कधी मशीन स्वतःला वाचवत असतं.

घेताना बॅटरीचा हिशेब करा

मुंबईत अशी अवजारं नागदेवी स्ट्रीटच्या बाजाराला मिळतात. गावाकडच्या बायका चाकरमान्यांना सांगून तिथूनच मागवतात. मागवताना नुसतं "मोठ्या आकड्याचा आण" असं सांगू नका.

लिथियम बॅटरीत छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे साधारण ३.६ व्होल्ट. पाच सेलचे झाले १८. पूर्ण चार्ज झाल्यावर एक सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे पाचाचे २१. म्हणून १८, २० आणि २१ व्होल्ट लिहिलेल्या बॅटऱ्या बहुधा एकाच ताकदीच्या असतात. काही स्वस्त मशीनवर ४८ किंवा ८८ असा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तेव्हा चार्जर उलटा करून 'आउटपुट' वाचा. तिथे २१ व्होल्ट असेल तर बॅटरीही २१ चीच.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा, म्हणजे एएचचा. व्होल्टला एएचने गुणा. १८ व्होल्ट, ४ एएचची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. ब्लोअर पूर्ण वेगात २५० वॅट खात असेल, तर ही बॅटरी साधारण १७ मिनिटं चालेल. २ एएचची असेल तर आठ-नऊ मिनिटं. "बॅटरी लगेच उतरते, मशीन खराब आहे" ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. मशीन बरोबर असतं, आपलाच हिशेब चुकलेला असतो. सलग काम करायचं असेल तर दोन बॅटऱ्या घ्या. विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे. एका युनिटमध्ये अशी बॅटरी दहा-बारा वेळा चार्ज होते.

बिल गटाच्या नावाने घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या. सुटी बॅटरी पुढे मिळेल का, दुरुस्ती तालुक्याला होईल का, हे आधीच विचारा.

वापरताना

१. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद चप्पल किंवा बूट हवेत.

२. नाकाला नुसता पदर पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्यापैकी अनेकींचे आजोबा, सासरे कामाला होते. कापसाच्या धुळीने कितीतरी कामगारांची छाती कायमची अधू झाली. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची. डॉक्टर त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आपली धूळ वेगळी आहे, पण छाती तशीच आहे.

३. मोकळ्या मातीवर ब्लोअर मारू नका. दादरच्या शिवाजी पार्क मैदानाची लाल माती उडून घरात येते, ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. तिथे वाराच पुरतो. मातीच्या जागी पाणी शिंपडून खराटाच बरा. ब्लोअर फरशी, डांबर आणि गवतासाठी.

४. वारा पाठीवर घ्या. नळी जमिनीकडे थोडी तिरकी धरा आणि कमी वेगाने सुरू करा. पानं ताडपत्रीवर गोळा करा. माणसं, जनावरं किंवा मुलं यांच्याकडे नळी रोखू नका.

५. ओली पानं उडत नाहीत, नुसती बॅटरी संपते. पावसात मशीन बाहेर काढूच नका.

६. पानं गटारात ढकलू नका. दादर-परळच्या हिंदमाता चौकात पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे आपण दरवर्षी टीव्हीवर बघतो. तो भाग मुळातच सखल आहे. अशा ठिकाणी पानांनी जाळ्या बुजल्या की पाण्याला वाटच उरत नाही. गावातल्या गटारालाही हेच लागू.

७. पानं जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली. साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठरवला. पानांचं खत करा, ते गटाच्याच उपयोगी पडेल.

८. आवाजाचं भान ठेवा. बॅटरीचा ब्लोअर पेट्रोलच्या ब्लोअरपेक्षा कमी ओरडतो. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर वापरायला बंदी आहे. पण बॅटरीचाही आवाज होतोच. रुग्णालय आणि शाळेभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. परळला तर रुग्णालयांची रांगच आहे. आपल्याकडे शाळा भरण्याआधी काम उरका आणि दवाखान्याशेजारी खराटा वापरा.

अडला तर या क्रमाने बघा

पहिली पायरी कायम एकच: बॅटरी काढा. बॅटरी लावलेली असताना जाळीत किंवा पंख्यात बोट घालायचं नाही.

अजिबात सुरू होत नाही: बॅटरी चार्ज आहे का? खटका वाजेपर्यंत नीट बसली आहे का? बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर धूळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका. बॅटरी गरम लागत असेल तर अर्धा तास सावलीत ठेवा.

चालून बंद पडतो: जाळी बघा, जुन्या टूथब्रशने साफ करा. मग मशीन गार होऊ द्या आणि मधल्या वेगावर चालवा.

हवा कमी येते: नळी सैल आहे का? आत पान, चिंधी अडकली आहे का? एवढं बघूनही जोर कमीच असेल तर दुसरी बॅटरी लावून बघा. जोर आला तर पहिली बॅटरी थकली आहे, मोटर ठीक आहे. दोन बॅटऱ्या असण्याचा हा दुसरा फायदा.

खडखड किंवा थरथर होते: खडा आत गेला असेल किंवा पंख्याचं पातं तुटलं असेल. लगेच बंद करा आणि दुरुस्तीला द्या.

चार्जरचा दिवा लुकलुकतो: बॅटरी तापलेली असू शकते. गार झाल्यावर पुन्हा लावा. तरीही लुकलुकत राहिला तर माहितीपत्रकात दिव्याचा अर्थ बघा.

जळका वास किंवा धूर येतो: बॅटरी काढता आली तर काढा, मशीन मोकळ्यावर ठेवा. पुन्हा चालवून बघायचं नाही.

बॅटरी जपली तर मशीन जपलं

काम झाल्या झाल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात मशीन चार महिने पडून राहणार असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, मशीनमधून काढून कोरड्या जागी ठेवा. मध्ये एकदा बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर पुन्हा चार्ज घेत नाही. मग कोणी सांगतं, "वायर जोडून उठवतो." तसं करू देऊ नका, आग लागू शकते.

फुगलेली, चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्ज करायची नाही आणि फोडायची तर अजिबात नाही. घराबाहेर, जळाऊ सामानापासून लांब ठेवा आणि विकणाऱ्या दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

पुढच्या सभेत

मशीन असेल तर त्याची एक वही करा. तारीख, कोणी नेलं, किती वेळ चाललं, जाळी साफ केली का, काय अडलं, एवढंच लिहा. दर आठवड्याला जाळी साफ करायची पाळी लावा. मशीन नसेल तर आधी विचारा: महिन्यात कामाचे दिवस किती मिळतील? त्यातून दुसऱ्या बॅटरीचा पैसा निघेल का? सांभाळणार कोण? उत्तरं मिळाली की मगच ठराव लिहा.

आणि दुरुस्तीवाला "मोटर गेली" म्हणाला तर पैसे देण्याआधी त्याला सांगा, "दादा, जरा थांबा. आधी जाळी बघू."