मुरुडला भाड्याची गाडी घेताना : हिशेब परतीच्या बोटीपासून

मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचे, तिथे किंवा अलिबागला स्कूटर नाहीतर मोटार भाड्याने घ्यायची, मुरुडला जाऊन जंजिरा पाहायचा आणि संध्याकाळच्या बोटीने घरी परतायचे, असा बेत दर शनिवार-रविवारी शेकडो लोक करतात. यात दोन प्रश्न असतात. गाडीचे भाडे किती, हा प्रश्न सगळे विचारतात. ती गाडी परत कधी द्यायची, हा फार थोडे विचारतात. माझ्या मते खर्च खरा ठरतो तो दुसऱ्या प्रश्नावर, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गेटवेहून सुटणारी कॅटमरान मांडव्याला साधारण तासाभरात पोचते. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. हे माहीत नसलेले प्रवासी धक्क्यावरच रिक्षा करतात आणि दोनदा पैसे मोजतात. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर आणि बसने पाऊण तास. अलिबागहून मुरुड ५० किलोमीटर. चौल-रेवदंड्याचा रस्ता वाड्यांमधून, घरांना घासून जातो. पुढे कुंडलिकेचा पूल, साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव असे करत पावणेदोन ते दोन तास लागतात. नकाशावरचे अंतर पाहून तासाभरात पोचू असे ठरवू नका. काशीदला सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि तिथेच वीस-पंचवीस मिनिटे जातात.

आता घड्याळ लावून बघा. सकाळी सव्वाआठच्या सुमारास गेटवे सोडले तर अलिबागला दहा वाजतात. कागदपत्रे, गाडीची तपासणी, पेट्रोल यांत अर्धा तास. साडेदहाला निघून मुरुड सव्वाबारा, तिथून चार-पाच किलोमीटरवरचे राजपुरी साडेबारा. होडीची रांग, जाणे, किल्ला, येणे यांना दोन ते अडीच तास. जेवायला पाऊण तास दिला तर राजपुरी सोडायला पावणेचार वाजतात आणि अलिबागला साडेपाच ते पावणेसहा. गाडी परत देऊन बस पकडायची, मांडव्याला साडेसहा. परतीच्या शेवटच्या बोटी साधारण याच वेळेला निघतात, आणि तुमच्या हाती एक पंक्चर होण्याइतकाही वेळ उरलेला नसतो.

म्हणून माझे स्पष्ट मत : सव्वाआठच्या बोटीने जाऊन, स्वतः स्कूटर चालवून, जंजिरा पाहून त्याच दिवशी परत, हा बेत करू नये. एक तर त्याहून आधीची पहाटेची बोट धरा, नाहीतर मुरुडला एक रात्र राहा. बोट चुकली तर अलिबागची ऐनवेळची खोली किंवा मुंबईपर्यंतची टॅक्सी यांत दिवसभराच्या गाडीभाड्याच्या कितीतरी पट पैसे जातात. त्याहून वाईट म्हणजे बोट चुकू नये म्हणून माणसे साळाव-रेवदंड्याच्या वळणांवर स्कूटर पळवतात.

आता पैशांकडे येऊ. अलिबाग-मांडवा भागात गिअर नसलेली स्कूटर दिवसाला साधारण ५०० ते ८०० रुपयांना मिळते. डिसेंबरअखेर, होळी आणि मोठ्या सुट्ट्यांत भाव याच्या वर जातो. दोघांच्या हिशेबासाठी ७०० धरू. अलिबाग-मुरुड-राजपुरी आणि परत म्हणजे ११० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४२ किलोमीटर देते असे मानले आणि पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरले, तर पेट्रोलला २७० रुपये. बोटीला माणशी एका बाजूचे २५० रुपये बाजूला ठेवा, म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन १,०००. जंजिऱ्याच्या होडीसाठी माणशी २०० ठेवा, ४०० झाले. बेरीज २,३७०, त्यावर जेवण आणि पार्किंगचे सुटे पैसे. रात्र राहिलात तर स्कूटरचे भाडे दुप्पट होते आणि खोली वाढते.

आणि एसटी? अलिबाग-मुरुड साध्या गाडीचे तिकीट शंभराच्या आसपास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. एक स्त्री, एक पुरुष असे दोघे एसटीने गेले तर जाऊन-येऊन ३०० रुपये. मुरुड स्थानकाहून राजपुरीला रिक्षाने जाऊन-येऊन आणखी ३०० धरा, तरी ६०० होतात. स्कूटरचे भाडे आणि पेट्रोल मिळून ९७०. म्हणजे स्कूटरने ३७० रुपये जास्त द्यायचे आणि त्या बदल्यात कोर्लईच्या दीपगृहापाशी, साळावच्या बिर्ला मंदिरापाशी, नांदगावला वाटेल तिथे थांबायचे. ज्यांना वाटेतले पाहायचे आहे त्यांनी हे पैसे जरूर द्यावेत. ज्यांना फक्त जंजिरा पाहायचा आहे, त्यांनी लाल गाडीत बसावे. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर एसटीचा हिशेब आणखी स्वस्त पडतो, फक्त परतीच्या गाडीची वेळ मुरुड स्थानकात उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा.

चौघे असाल तर प्रश्न बदलतो. दोन स्कूटर, पेट्रोलसह, १,९४० रुपये. चालकासह मोटार मांडव्याहून केली तर दिवसाचे साडेतीन ते साडेचार हजार लागतात, पण बसची वाट पाहणे आणि अलिबागची कागदपत्रे टळून दोन्ही बाजूंनी मिळून तासभर वाचतो. त्याच दिवशी परतायचेच असेल, तर चौघांनी हा मार्ग घ्यावा. ठरवताना चार गोष्टी तोंडी नको, मोबाइलवर संदेशात लिहून घ्या : भाड्यात किती किलोमीटर धरले आहेत, त्यापुढे किलोमीटरला किती, चालकाचा भत्ता वेगळा आहे का, आणि मुरुडलाच सोडायचे झाले तर रिकाम्या परतीचे भाडे कोणाकडे. भांडणे होतात ती बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावर.

स्वतःची मोटार न्यायची असेल तर भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० पासून आहे. मोटारीचे भाडे आकारानुसार ठरते, माणसांची तिकिटे वेगळी. पावसाळ्यात गेटवेच्या साध्या बोटी बंद असताना हीच सेवा हवामान पाहून चालू असते. रस्त्याने अटल सेतू, पेण, वडखळ असे यायचे तर सेतूचा टोल मोटारीला एका बाजूस २५० रुपये आहे. मांडव्याहून मुरुड-राजपुरी आणि परत १५० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १० लिटर, म्हणजे सुमारे १,०४० रुपयांचे पेट्रोल. लहान मुले आणि सामान असेल तर मला रो-रो सगळ्यात सोयीची वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. गाडीची नंबरपाटी पाहा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. गोव्यात अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. आपल्या किनाऱ्यावर मात्र पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती वापरासाठी नोंदवलेली स्कूटर सर्रास पुढे केली जाते. देणारा माणूस सज्जन असेल, गाडीही चांगली असेल. पण अपघात झाला तर खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने चालत होती, या कारणावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा गाडीमालकावर आणि तुमच्यावर येऊ शकतो. दिवसाला शंभर रुपये वाचवण्यासाठी एवढी जोखीम कोणीही घेऊ नये. रायगडची नोंदणी एमएच-०६ ने सुरू होते, पनवेलची एमएच-४६ ने. नंबर एम-परिवहन अॅपमध्ये घातला की गाडीचा वर्ग आणि विम्याची मुदत दोन मिनिटांत कळते. विमा संपलेला असेल तर सरळ दुसरी गाडी मागा.

तुमचा परवानाही त्या वर्गाच्या वाहनाचा हवा. शिकाऊ परवान्यावर भाड्याची गाडी घेऊ नका. हेल्मेट दोन मागा, मागे बसणाऱ्यालाही ते लागते, आणि पट्टा तुटका नाही ना ते बघा. मूळ आधार कार्ड किंवा मूळ परवाना दुकानात ठेवायला सांगितले तर नकार द्या. मूळ परवाना दुकानात राहिला तर रस्त्यात पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे काय उरेल? डिजिलॉकरमधला परवाना चालतो, पण तेवढ्यावर विसंबून मूळ कागद परक्याच्या ड्रॉवरमध्ये टाकू नये. छायाप्रत द्या, अनामत रक्कम द्या, आणि ती यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. गाडी हातात घेण्याआधी चारी बाजूंनी, आरसे आणि पेट्रोलचा काटा दिसेल असा व्हिडिओ काढा. मालकाच्या समोर काढा, त्यात संकोच नको.

‘एक दिवस’ म्हणजे काय हेही विचारा. काहींचा दिवस चोवीस तासांचा असतो, काहींचा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. सातनंतरच्या प्रत्येक तासाचे पैसे आधी ठरलेले नसतील तर मागतील तेवढे द्यावे लागतात, कारण बस सुटायला आलेली असते. इलेक्ट्रिक स्कूटर देऊ केली तर ११० किलोमीटर एका चार्जमध्ये होतील का ते विचारा. काट्यावरचा आकडा सपाट रस्त्याचा, एका माणसाचा असतो. दोघे बसून, काशीद-नांदगावच्या चढउतारांवर तो तेवढा टिकत नाही.

मुरुडहून पुढे दिवेआगर-श्रीवर्धनला जायचा मोह होतो. आगरदांड्याहून दिघीला जंगल जेट्टी आहे, तीत स्कूटर आणि मोटार दोन्ही चढवता येतात आणि खाडीचा मोठा वळसा वाचतो. बेत दोन दिवसांचा असेल तर खुशाल जा, पण भाड्याची गाडी बोटीत चढवायला मालकाची परवानगी आहे का ते निघतानाच विचारा. पलीकडे गाडी बंद पडली तर ती परत कोण आणणार, तेही त्यातच ठरते.

वाळूत गाडी घालू नका. मुरुड आणि काशीदचा किनारा ओहोटीला कडक, सपाट दिसतो आणि भरती आत येताना पाहणाऱ्याला अंदाज येत नाही. मोटारी रुतून पाण्यात गेल्याच्या बातम्या या किनाऱ्यावरून दरवर्षी येतात. खाऱ्या पाण्यात गेलेल्या इंजिनासाठी अनामत पुरत नाही. माणसांच्या बाबतीत तर हा समुद्र फार सांभाळून घेण्याचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी याच मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले.

जंजिऱ्याबद्दल दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्यावर साधारण तासाभराचा वेळ मिळतो आणि त्याच होडीने परतायचे असते. तटबंदीवरून फिरून कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि मागचा दर्या दरवाजा पाहायचा तर तेवढा वेळ जेमतेम पुरतो. वाटाड्याचे पैसे होडीत बसण्यापूर्वीच, माणशी की सगळ्या होडीमागे, हे ठरवा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किल्ला काही वेळ बंद असतो, आणि जून ते ऑगस्ट होड्याच बंद. पावसाळ्यात नुसत्या हिरवाईसाठी स्कूटर घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की जुलै २०२१ मध्ये याच रस्त्यावर काशीदजवळचा पूल रात्रीच्या पावसात कोसळला आणि एका दुचाकीस्वाराचा जीव गेला. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी भाड्याचे पैसे बुडाले तरी चालतील, निघू नका. जेवणाची ऑर्डर राजपुरीला जातानाच मुरुडच्या खानावळीत देऊन ठेवा. मासे ताजे तळून वाढतात तिथे ऐनवेळी गेल्यास अर्धा तास थांबावे लागते, आणि तो अर्धा तास तुमच्याकडे नाही.

परतीच्या वेळेपासून सुरू होणारा हा हिशेब बोटीने मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवाल्यांनाही लागू आहे. मुरगाव बंदरात जहाज काही तास थांबते, आणि जहाजावर परत चढण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते. गाडी त्या आधीच्या वेळेला धरून घ्यावी, सुटण्याच्या वेळेला नव्हे.

गाडी परत देताना घाई होते आणि तिथेच पैसे अडकतात. पेट्रोल ठरल्याइतके भरून द्या, मालकाच्या समोर पुन्हा एक व्हिडिओ काढा आणि अनामत तुमच्या खात्यात आल्याचा संदेश मोबाइलवर दिसेपर्यंत किल्ली हातात ठेवा. ‘रात्री पाठवतो’ हे मान्य करू नका. जुना ओरखडा तुमच्या माथी मारला गेला तर सकाळचा व्हिडिओ दाखवा. तरीही पैसे अडवले तर पावती, यूपीआयची नोंद आणि व्हिडिओ जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. परवान्याविना गाडी दिली असेल तर पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला लेखी कळवा, नंबरपाटीचा फोटो जोडून.